गायीवरून ओळखायची निर्मिती: 'इन्टू द वुड्स'ची प्रयोगनोंद, दुसरी फेरी

'इन्टू द वुड्स' या अमेरिकी संगीत नाटकाच्या निर्मितींचा मुख्य तक्ता 15 ओळींवर आलाय. एक ओळ म्हणजे एक निर्मिती, एक प्रयोग नव्हे. पहिल्या फेरीत तारखा आणि नटसंच भरून झाले होते, पण त्यातून नुसती यादी तयार झाली. चेटकीण कोणी केली हे कुठेही सापडतं. नाटक उभं कसं केलं होतं हे मात्र त्या यादीतून कळत नव्हतं. म्हणून या फेरीत चार रकाने वाढवले: गाय, राक्षसीण, सूत्रधार आणि जंगल. आता एकूण 15 रकाने झाले.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. संगीत आणि गीतं स्टीफन साँडहाइमची, संहिता जेम्स लपाइनची. बेकर आणि त्याच्या बायकोला मूल हवंय. शेजारच्या चेटकिणीचा शाप उतरवायचा तर तीन मध्यरात्रींच्या आत चार वस्तू आणायच्या: पांढरी गाय, लाल झगा, पिवळे केस आणि सोनेरी बूट. त्या पायी सिंड्रेला, जॅक, लाल झग्यातली मुलगी आणि रपुंझेल यांच्या गोष्टी एकाच जंगलात येऊन आदळतात. पहिला अंक गोड शेवटावर संपतो. दुसऱ्यात मेलेल्या राक्षसाची बायको सूड घ्यायला खाली उतरते.

आकड्यांची चाळणी

आपल्याकडे शुभारंभाच्या प्रयोगापासून मोजणी सुरू होते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आधी प्रीव्ह्यू, म्हणजे उद्घाटनाआधीचे चाचणी खेळ होतात, त्यांना तिकीटही असतं, पण मोजणी उद्घाटनापासून. न्यूयॉर्कचा मूळ संच मार्टिन बेक थिएटरात 29 सप्टेंबर 1987 ला प्रीव्ह्यूसाठी उभा राहिला, उद्घाटन 5 नोव्हेंबरला झालं आणि 3 सप्टेंबर 1989 ला पडदा पडला. 43 प्रीव्ह्यू, 765 प्रयोग. कोणी 808 लिहिलं असेल तर त्याने बेरीज केलीय. दोन्ही आकडे वेगळ्या रकान्यांत ठेवा, एकत्र कधीच करू नका.

आकडा खरा वाटतो का, हे तपासायला सोपी चाळणी आहे: उद्घाटनापासून शेवटापर्यंतचे दिवस भागिले 7, गुणिले 8, कारण आठवड्याला 8 प्रयोगांचा रिवाज आहे. 1987 च्या निर्मितीला उत्तर येतं सुमारे 764, नोंद 765. न्यूयॉर्कच्याच ब्रॉडहर्स्ट थिएटरातल्या 2002 च्या पुनरुज्जीवनाला (30 एप्रिल ते 29 डिसेंबर) उत्तर 279, आणि नोंदही 279. त्याआधीचे 18 प्रीव्ह्यू वेगळे. लंडनच्या फीनिक्स थिएटरातली 1990 ची निर्मिती मात्र चाळणीत अडकते. 25 सप्टेंबर 1990 ते 23 फेब्रुवारी 1991 एवढ्या काळात सुमारे 173 प्रयोग बसतात, आणि सगळीकडे छापलेला आकडा 197. चोवीसचा फरक नाताळच्या जादा खेळांनी भरून निघत नाही. त्यामुळे ती ओळ पिवळ्या रंगात ठेवलीय. बाकी तारखा पक्क्या.

एक सापळा इमारतीचा. मार्टिन बेकचं नाव 2003 मध्ये अल हर्शफेल्ड झालं. रकान्यात त्या वेळचं नाव लिहायचं आणि आजचं नाव शेऱ्यात, नाहीतर एकच रंगगृह दोनदा मोजलं जातं.

दुसरा सापळा चित्रफितीचा, आणि यात बरेच जण फसतात. मूळ संचाची म्हणून जी चित्रफीत पाहिली जाते ती मे 1989 मधली. प्रसारण मार्च 1991 मध्ये झालं. पण मूळ चेटकीण बर्नाडेट पीटर्सने 1988 मध्येच भूमिका सोडली होती. फिलिशा रशाद त्याच वर्षी चेटकीण म्हणून आली. चित्रीकरणासाठी मूळ मंडळी पुन्हा जमवली होती. म्हणून फितीवरून 'मे 1989 चा नटसंच' भरला की तक्ता चुकला. बदली कलाकारांचा तक्ता वेगळाच हवा.

संहितेची आवृत्ती

तारखेइतकंच महत्त्व या रकान्याला. सॅन डिएगोच्या ओल्ड ग्लोबमध्ये 4 डिसेंबर 1986 ला नाटक पहिल्यांदा उभं राहिलं, एलन फोली चेटकीण होती. 'नो वन इज अलोन' हे गाणं तिथे खेळ चालू असतानाच मधे घातलं गेलं. म्हणजे त्याच मुक्कामातल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या प्रयोगाची संहिता एक नाही. लंडनसाठी चेटकीण आणि रपुंझेलचं 'अवर लिट्ल वर्ल्ड' नव्याने लिहिलं. 2002 मध्ये लांडगे दोन झाले आणि तीन डुकरांची पिल्लंही आली. ग्रेग एडलमन आणि ख्रिस्तोफर सीबर या दोन राजपुत्रांनीच ते लांडगे केले. कार्यक्रमपत्रिकेत दोन लांडगे दिसले तर 2002 च्या आवृत्तीचा संशय घ्यायला हरकत नाही.

शाळांच्या प्रयोगांत आणखी एक खबरदारी. 'ज्युनियर' आवृत्तीत फक्त पहिला अंक असतो. राक्षसीण येतच नाही. पत्रिकेवर मध्यंतर नसेल आणि खेळ तासाभराचा असेल, तर ती ओळ मुख्य तक्त्यात घ्यायची नाही.

गाय

सगळ्यात जास्त वेळ या रकान्याने खाल्ला, आणि तो सार्थकी लागला. संहिता या गायीकडून फार काही मागते. तिला ओढत न्यायचं, विकायचं, ती पळून जायला हवी, मरायला हवी, पुन्हा जिवंत व्हायला हवी. मधे पीठ फासलेली खोटी पांढरी गायही येते. शेवटच्या मध्यरात्री तिच्या तोंडात झगा, बूट आणि केस घालायचे. केसांना चेटकिणीचा हात लागलेला असल्यामुळे ते चालत नाहीत, मग मक्याचे तुरे भरवायचे, आणि एवढं झाल्यावर तिने पेलाभर दूध द्यायचं. निर्जीव गाय करायची तर तोंडाला भोक, पोटात पोकळी आणि हलकं वजन, तिन्ही लागतात. जड केली तर जॅकच्या दर प्रवेशाला संगीताची गती मोडते. माणूस आत घालायचा तर तो खाली बसून पुन्हा उठेपर्यंतचा वेळ दिग्दर्शकाला भरावा लागतो.

1987 मध्ये ती निर्जीव वस्तू होती, आत कोणी नाही. विनोद तिच्या ढिम्मपणातून यायचा. 2002 मध्ये चॅड किंबल पोशाख घालून आत शिरला आणि गाय नाचायला लागली. भाव दिसले, पण तिच्या मरणातला कोरडा विनोद गेला. फियास्को मंडळींनी (प्रिन्स्टनला मॅककार्टर 2013, न्यूयॉर्कला लॉरा पेल्स 2015, लंडनला मेनिये 2016) तिसरी वाट काढली. अँड्र्यू ग्रोटेलूशेनच्या गळ्यात एक घंटा, बस. पोशाख नाही, शेपूट नाही. तोच रपुंझेलचा राजपुत्रही करायचा. खर्चाच्या दृष्टीने नवख्या संस्थेने पहिली बघावी अशी गाय ही. न्यूयॉर्कच्या 2022 च्या निर्मितीत जेम्स ऑर्टिझने बाहुली केली आणि केनेडी कानागावाने ती सगळ्यांदेखत चालवली. बाहुलीवाला लपत नाही, म्हणून गायीचं दुःख त्याच्या चेहऱ्यावरही दिसतं. आमच्या मते चौघींत ही सर्वांत सरस.

राक्षसीण आणि सूत्रधार

हे दोन रकाने एकमेकांना बांधलेले आहेत, कारण दुसऱ्या अंकात पात्रं सूत्रधारालाच राक्षसिणीच्या हवाली करतात. आपल्या नाटकात सूत्रधाराला अभय असतं, इथे त्यालाच बळी देतात.

मूळ निर्मितीत राक्षसिणीचा आवाज मर्ल लुईझने दिला. सिंड्रेलाची आई आणि लाल झग्यातल्या मुलीची आजीही तीच. 2002 मध्ये जुडी डेंचचा आवाज ध्वनिमुद्रित करून वापरला, 2010 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात पुन्हा तिचाच. 2012 ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात ग्लेन क्लोझ. मुद्रित आवाजाची अडचण साधी आहे: प्रेक्षक हसले की समोरची पात्रं थांबतात, फीत थांबत नाही. म्हणून तिथे प्रत्येक वाक्याचा क्यू वेगळा तोडावा लागतो. न्यूयॉर्कला 2022 मध्ये अॅनी गोल्डनने आई, आजी आणि राक्षसीण पुन्हा एकत्र केल्या, म्हणजे 35 वर्षांनी मूळ योजना परत आली.

सूत्रधार आणि गूढ म्हातारा एकाच नटाने करायचे ही मूळ खूण (टॉम ऑल्ड्रिज). लंडनला 1990 मध्ये ते दोन झाले, सूत्रधार निकोलस पार्सन्स. रीजंट्स पार्कात टिमथी शीडर आणि लियम स्टील यांनी सूत्रधार म्हणून घरातून पळालेला लहान मुलगा आणला. बळी देण्याचा प्रसंग त्यामुळे पार बदलतो. 2012 ची निर्मिती याच कल्पनेतून आली, पण नटसंच नवा. म्हणून तिला स्वतंत्र ओळ आणि 'कशावरून' या रकान्यात 2010.

जंगल

हा रकाना अजून अर्धाच भरलाय. रीजंट्स पार्कात खरी झाडं फुकट मिळाली आणि संध्याकाळचा प्रकाशही: पहिला अंक उजेडात, दुसरा अंधारात. दुपारच्या खेळाला हा फायदा नाही, त्यामुळे छायाचित्र कोणत्या खेळाचं ते शेऱ्यात हवं. फियास्कोसाठी डेरेक मॅकलेनने पियानोच्या तारांसारखे दोर ताणून झाडं केली. सोबतीला मुख्य वाद्य पियानो. इंग्लंडमधल्या बाथला 2022 मध्ये टेरी गिलियम आणि लीया हाउसमन यांनी सगळं जंगल व्हिक्टोरियन खेळण्यातल्या रंगमंचात बसवलं. न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स थिएटरात डेव्हिड रॉकवेलने वाद्यवृंद मंचावरच ठेवला, कारण ती निर्मिती मे 2022 मधल्या एन्कोर्स या संगीत नाटकांच्या मालिकेतल्या छोट्या मुक्कामातून आली होती. ती ओळ एकच: 2022अ एन्कोर्स, 2022आ सेंट जेम्स (उद्घाटन 10 जुलै, शेवट 8 जानेवारी 2023).

भाषांतरित प्रयोग शोधताना इंग्रजी नावाने हाती काही लागत नाही. जर्मनमध्ये 'आब इन डेन वाल्ड', कॅटलानमध्ये 'बॉस्कुस अन्दिन्स' (बार्सिलोना, दागॉल दागॉम, 2007). पॅरिसच्या शातलेमध्ये 2014 ला मात्र ली ब्लेकलीने इंग्रजीतच केलं. 1988 चा अमेरिका दौरा, सिडनी 1993, लंडनच्या डॉनमारची 1998 आणि टोकियोची 2004 (दिग्दर्शक आमोन मियामोतो) या ओळींत तारखा आहेत, गायीचा रकाना कोरा आहे. त्यांच्या कार्यक्रमपत्रिका कोणाकडे असतील तर नटसंचाच्या यादीतलं सगळ्यात खालचं नाव आधी बघा. गाय बहुतेक तिथेच असते.