ऑझचा तक्ता: चार टक्के गेले कुठे?

‘विझर्ड ऑफ ऑझ’चं पुस्तक आणि त्यावरचे चित्रपट यांचा मी एक तक्ता करतोय: ओळींत गोष्टीचे भाग, रकान्यांत एकेक चित्रपट, आणि घराघरांत त्या भागाला मिळालेली मिनिटं. (गोष्ट अशी: कॅन्ससमधली डोरोथी वादळात घरासकट ऑझ या जादूच्या देशात जाऊन पडते.) मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की १९३९च्या चित्रपटाचा रकाना भरून झाला. तो काल रात्री सगळाच्या सगळा पुसला.

झालं असं, की सहज म्हणून रकान्याची बेरीज मारली. चित्रपट १०२ मिनिटांचा, आणि माझी बेरीज शंभराच्याही आत. आधी वाटलं एखादं गाणं मोजायचं राहिलं. एकेक ओळ तपासली, सगळी गाणी जागेवर. मग श्रेयनामावली धरली नसेल म्हणून ती पाहिली, तीही होती. दोन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी उत्तर कानांनी दिलं. कॅन्ससमधलं इंद्रधनुष्याचं गाणं पुन्हा लावलं, तर डोरोथीचा गळा किंचित चढा लागतोय. म्हटलं, हे गाणं मी इतक्या वेळा ऐकलंय, हा सूर तिचा नाही.

जुन्या मंडळींच्या लक्षात आलंच असेल. पाल डिस्क, म्हणजे भारत-युरोपातल्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीची डीव्हीडी! चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, पाल डिस्क तो २५ने पळवते. चित्र चार टक्क्यांनी लवकर संपतं आणि आवाजही तेवढाच वर चढतो. १०२ मिनिटांचे ९८ होतात. मीडियाइन्फोमध्ये फाइल टाकली की फ्रेमचा वेग एका ओळीत समोर येतो. फुकटचं, छोटंसं साधन आहे, आणि मी ते सुरुवातीलाच वापरायला हवं होतं. विकणाऱ्याने मात्र ‘नव्याने जतन केलेली प्रत’ म्हणून ती डिस्क गळ्यात मारली होती. आता जुनी डिस्क घेताना मी आधी वेग विचारतो. उत्तर आलं नाही तर घेत नाही.

पण एवढ्यावर निभावलं असतं तर रकाना पुसावा लागला नसता, सरसकट गुणाकार केला असता. खरी गोची पुढे आहे. ती डिस्क मध्येच अडकायला लागली म्हणून मी उरलेल्या ओळी ब्ल्यू-रेवरून भरल्या होत्या, आणि ती चित्रपटाच्या मूळ वेगाने चालते. म्हणजे अर्धा रकाना एका वेगाचा, अर्धा दुसऱ्या. आणि डिस्क कुठे बदलली ते शहाण्याने कुठेच लिहून ठेवलेलं नाही. शेवटी काही प्रसंग ब्ल्यू-रेवर नव्याने मोजले आणि नव्या आकड्याला जुन्याने भागलं. कॅन्सस: १.०४. मंचकिनांचं गाव: १.०४. बोलणारी सफरचंदाची झाडं: १.०४. खसखशीचं शेत: १.००. सापडला सांधा! त्या क्षणी एकटाच मोठ्याने हसलो.

तरी रकाना पुसलाच, कारण तोवर मिनिटांवरचा विश्वासच उडाला होता. १९१०चा मूकपट तेराएक मिनिटांचा म्हणतात, पण हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याच्या काळात ठरलेला वेग कुठला? १९२५च्या मूकपटाचीही तीच कथा. (त्यात पत्र्याच्या लाकूडतोड्याच्या वेशात ऑलिव्हर हार्डी आहे, लॉरेलची जोडी जमायच्या आधीचा. एवढ्यासाठी तरी बघा.) म्हणून आता मिनिटं बंद, सगळं टक्क्यांत. वेग काहीही असो, तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असला की हिस्सा तोच राहतो. नवा पहिलाच आकडा बोलका निघाला: पुस्तकात कॅन्सस मोजक्या पानांत उरकतं, १९३९मध्ये रंग येईपर्यंत जवळजवळ पाचवा हिस्सा संपलेला असतो.

रंगाचा विषय निघालाच आहे तर ते दार: तपकिरी कॅन्ससमधून आलेल्या घराचं, जे उघडताच रंगीत ऑझ दिसतं. तो तुकडा मी फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत पाहिला. दार उघडणारी पाठमोरी मुलगी म्हणजे डोरोथी झालेली जुडी गार्लंड नाहीच. ती तिच्या जागी उभी केलेली बदली मुलगी, अंगात तपकिरी छटांचा झगा, घराची आतली बाजूही तपकिरी रंगवलेली. सगळा तुकडा टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या पद्धतीतच चित्रित केलाय. बदली बाजूला होते आणि निळ्या चौकटींच्या झग्यातली खरी डोरोथी चौकटीत येते. एक रंगाचा डबा आणि दोन मुली, एवढ्यावर काम भागवलंय. हे आधी वाचलं होतं, पण थांबवून-थांबवून पाहताना येणारी मजा वेगळीच.

आता दुसरं त्रांगडं. टक्के काढले तरी ओळी जुळत नाहीत. माझ्या ओळी म्हणजे पुस्तकाची २४ प्रकरणं. पश्चिमेची चेटकीण पुस्तकात समोर येते ती थेट बाराव्या प्रकरणात, आणि तिथेच विरघळते. १९३९मध्ये ती घर कोसळल्यावर लगेच हजर, त्याआधी कॅन्ससमध्येही तोच चेहरा शेजारणीच्या रूपात सायकलवर. हिचे टक्के कुठल्या ओळीत घालू? नववं प्रकरण उंदरांच्या राणीचं. पुस्तकात खसखशीच्या शेतात झोपलेल्या सिंहाला उंदीर बाहेर काढतात. चित्रपटात उंदीर नाहीत, झोपवणारी खसखस बर्फाने मरते. तो बर्फ १९०२च्या संगीत नाटकातून आलाय, म्हणजे पुस्तकाचा रकाना बाजूला ठेवून नाटकाचाच एक उघडावा लागणार. अठरा ते बावीस तर जवळजवळ कोऱ्या. चिनी मातीच्या माणसांचा देश गाळल्याचं मला अजून वाईट वाटतं.

हे लिहिता लिहिताच वाटतंय की प्रकरणं सोडून वस्तूंच्या ओळी कराव्यात. डोरोथीचे जादूचे बूट तर हवेतच: पुस्तकात चांदीचे, १९३९मध्ये टेक्निकलरच्या हौसेपायी माणकाचे, १९७८च्या ‘द विझ’ या ऑझवरच्याच चित्रपटात परत चांदीचे. पण माझा डोळा हिरव्या चष्म्यांवर आहे. पुस्तकात पाचूनगरी हिरवी दिसते ती वेशीवरचा रखवालदार सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे कुलूपबंद करतो म्हणून. १९३९ने चष्मे टाकून दिले आणि शहरच हिरवं रंगवलं. म्हणजे फसवणूकच गेली! ‘द विझ’मध्ये मात्र वरून घोषणा होते, आजचा रंग लाल, आणि अख्खा चौक हिरव्याचा लाल होतो. माझ्या मते पुस्तकाच्या सर्वांत जवळ जाणारी जागा ही आहे. प्रकरणांच्या तक्त्यात ती मला कधीच दिसली नसती.

आणि एक शिकार. सोन्याची टोपी, जिच्यामुळे उडती माकडं तीन हुकूम ऐकतात, ती १९३९मध्ये गाळली असं मी मागे ठणकावून लिहिलं होतं. चूक. डोरोथीला खसखशीत झोपवायचा बेत बर्फाने फसल्यावर चेटकीण चिडून जे काही भिरकावते ना, ती टोपीच आहे. कोणी तिचं नाव घेत नाही, तिचा उपयोगही होत नाही. आता वस्तूंच्या तक्त्यात तिला ‘आहे’ म्हणू की ‘नाही’?