फॉर्म भरून झाला, पण त्या कागदपत्रांचं पुढे काय?

विद्यापीठाच्या साईटवर तुम्ही नुसतं डोकावलात, फॉर्म बिर्म काही भरला नाही, तरी सर्व्हरवर तुमची नोंद होतेच. आयपी ॲड्रेस, ब्राउझर, कुठलं पान किती वाजता उघडलं, सगळं लॉगमध्ये जातं. यात घाबरण्यासारखं काही नाही, साईटवर कोणी हल्ला केला तर शोध त्यावरूनच लागतो आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे हे लॉग १८० दिवस ठेवावेच लागतात. कुकीजचंही (म्हणजे साईट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींचंही) तसंच, लॉगिन केल्यावर पान बदललं तरी साईट तुम्हाला ओळखते ती सेशन कुकीमुळे, ती नसेल तर दर पानाला पासवर्ड टाकत बसा. ॲनालिटिक्सच्या, म्हणजे साईटवर कोण काय बघतं ते मोजणाऱ्या कुकीज मात्र वेगळ्या, त्यांच्यावाचून विद्यार्थ्याचं काहीच अडत नाही, तेव्हा त्या टाकायच्या तर आधी विचारा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण प्रायव्हसी पॉलिसीच्या पानावर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं, आणि खरी माहिती जाते ती फॉर्ममधून. आपल्या नाशकात मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विद्यापीठ आहे, शिवाय कितीतरी कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली, त्यामुळे ॲडमिशनच्या दिवसांत नेटकॅफेत पाय ठेवायला जागा नसते. भाचीचा फॉर्म भरायला कॉलेज रोडच्या एका कॅफेत गेलो होतो, फोटो अपलोड करायला डाउनलोड्स फोल्डर उघडला तर आत अनोळखी पोरांची आधार कार्डं, जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, पासबुकाचं पहिलं पान, आणि फाईलींची नावं "आधार फायनल", "आधार फायनल २", "आधार २०० केबी". भाची म्हणाली, "मामा, माझंपण इथेच राहणार का?" दुकानवाल्या दादांना विचारलं तर ते म्हणाले, पोरं दुरुस्तीला परत येतात ना, तेव्हा लागतं. त्यांचं अगदीच चूक आहे असंही नाही हो. पण पोरीनं आमचं सगळं डिलीट केलं, रीसायकल बिनमधूनपण काढलं, मगच उठली.

ते २०० केबी मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. साईट मोठी फाईल घेत नाही, मग पोरं कुठल्यातरी फुकट कॉम्प्रेस करून देणाऱ्या साईटवर आधार चढवतात, ती साईट कोणाची, सर्व्हर कुठल्या देशात, काही पत्ता नाही. विद्यापीठानं मर्यादा थोडी वाढवली किंवा फाईल स्वतःच लहान करून घेतली तर हा प्रकार बराच थांबेल, त्याला कितीसा खर्च येणार आहे?

निकालाचंही बघा. दहावी-बारावीचा ऑनलाइन निकाल सीट नंबर आणि आईचं नाव टाकलं की दिसतो, पुढे विद्यापीठातही कित्येक ठिकाणी हीच पद्धत. सीट नंबर ओळीनं लागलेले असतात आणि आईचं नाव अख्ख्या वर्गाला माहीत असतं. मेरिट लिस्टच्या पीडीएफ तर त्याहून वाईट, नाव, प्रवर्ग, मार्क, कधी कधी मोबाईल नंबरसुद्धा, आणि ॲडमिशन संपून वर्षं झाली तरी ती गूगलवर सापडते. शेजारच्या एका मुलीचा नंबर असाच एका यादीत राहिला, तिला क्लासवाल्यांचे फोन थांबता थांबत नव्हते.

सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि त्यातल्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. दंड २५० कोटींपर्यंत. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, संमती मागताना कुठली माहिती कशासाठी घेतोय ते सोप्या भाषेत सांगावं लागेल, आणि ती सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय द्यावी लागेल. अठरा पूर्ण नसतील तर आईवडिलांची संमती हवी, आणि बारावी झालेली बरीच पोरं सतराचीच असतात.

तोवर जिथे चालतं तिथे मास्क केलेलं आधार द्या, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साईटवरून डाउनलोड होतं, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. आणि मी भाचीच्या विद्यापीठाला मराठीत मेल टाकलाय, ज्यांची ॲडमिशन झाली नाही त्या मुलांची कागदपत्रं तुम्ही किती दिवस ठेवता आणि कधी पुसता, एवढंच विचारलंय. उत्तर आलं की इथे टाकतो.