बरणीतला बटाटा : अंधारातल्या अकरा बरण्या

घरीच बरण्यांत, मातीऐवजी पोषक माध्यमावर बटाट्याची रोपं वाढवतोय (टिश्यू कल्चर). काल रात्री कपाटाच्या खालच्या कप्प्यातून बरण्या काढून पाहिल्या. अकरापैकी सात बरण्यांत खोडाला मोहरीएवढ्या पांढऱ्या गाठी, म्हणजे इवलेसे बटाटे, धरल्या आहेत. अंधारात ठेवून एकोणीस दिवस झाले. फार आनंद झाला, म्हणून नोव्हेंबरपासूनचं सगळं लिहून ठेवतो.

नोव्हेंबर. मंचरहून कुफरी पुखराज या वाणाचं बटाट्याचं बियाणं आणलं. कोरड्या कागदावर ठेवून कोंब फुटू दिले, मातीत नाही. कोंब साबणपाण्यात धुतले, 70 टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट बुडवले, चौपट पाण्यातल्या ब्लीचमध्ये दहा मिनिटं ठेवले आणि उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा विसळले. बारा बरण्या लावल्या, सातांत बुरशी आली. उरलेल्या पाचांतली खोडं एकेका पेरावर कापून पुढची सगळी रोपं केली. माध्यम, म्हणजे रोपांना अन्न देणारं मिश्रण, नेहमीचं एमएस, मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी बसवलेलं. लिटरला 30 ग्रॅम साखर, 7 ग्रॅम अगर, सामू (पीएच) 5.8. मग कुकरमध्ये शिट्टी लावून मंद आचेवर 25 मिनिटं.

(ही रोपं विषाणूमुक्त आहेत असं मी म्हणत नाही. त्यासाठी कोंबाच्या टोकाचा मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा लागतो. मोरेल आणि मार्टिन यांनी 1955 मध्ये बटाट्यावर ते करून दाखवलं. माझा हात अजून तेवढा बसलेला नाही.)

डिसेंबर. आता हार्मोन. मामांची निफाडला द्राक्षबाग आहे, त्यामुळे जीए (पेरं लांबवणारं जिबरेलिन), सिक्स बीए किंवा नुसतं बीए (फुटवे आणणारं सायटोकायनिन), सीसीसी (वाढ रोखणारं) ही नावं लहानपणापासून कानावरची. तीन गट केले : एक बिनहार्मोनचा, दुसऱ्यात लिटरला 0.1 मिलिग्रॅम जीए आणि 0.01 मिलिग्रॅम एनएए (मुळं आणणारं ऑक्सिन), तिसऱ्यात 1 मिलिग्रॅम बीए. जीए उष्णतेने विघटित होतं, म्हणून ते गाळून, माध्यम कोमट झाल्यावर घातलं. चार आठवड्यांनी तिसऱ्या गटात बुडाशी फिकट गाठोडं, वर खुजे फुटवे आणि मुळं नाहीतच. ऑक्सिन कमी आणि सायटोकायनिन जास्त झालं की फुटवे येतात, मुळं अडतात. जीएवाल्यांची पेरं लांब आली, कापायला सोपी. पण बिनहार्मोनची रोपंही पाच-सहा पेरांची, भरपूर मुळांची निघाली. डोळ्यासकट एक पेर लावलं की बटाटा आपलं ऑक्सिन आपणच तयार करतो. नुसती रोपं वाढवायची असतील तर नव्या मंडळींनी हार्मोनवर पैसे घालू नयेत, असं मी मनापासून सांगेन.

जानेवारी. पानं बारीक, खोडं दोऱ्यासारखी. आठवडाभर माध्यमाला दोष देत होतो. कारण झाकणात निघालं : बुरशीच्या धास्तीने मी टेप घट्ट गुंडाळली होती. रोपांचा स्वतःचा इथिलीन वायू आतच साठत होता. तेही हार्मोनच, मी न घालता आलेलं. झाकणाला भोक पाडून त्यात कापसाचा बोळा बसवला आणि पुढच्या खेपेची पानं चांगली रुंद आली.

जानेवारीअखेर. गाठींसाठी माध्यम बदललं : साखर 80 ग्रॅम, बीए 5 मिलिग्रॅम, सीसीसी 500 मिलिग्रॅम, अगर नाही. वाढलेल्या रोपांवर हे पातळ माध्यम ओतून बरण्या अंधारात ठेवल्या. खोलीचं तापमान 17 ते 22 अंश राहिलं, पुण्याच्या थंडीची कृपा. गाठ धरण्यात जीए आडवं येतं आणि सीसीसी झाडाला जीए बनवूच देत नाही. द्राक्षात खरड छाटणीनंतर शेंडा रोखायला सीसीसी मारतात, त्यामागेही हेच.

आता गाठी न धरलेल्या चार बरण्या. त्यांतल्या तीन डिसेंबरच्या जीए गटातून वाढवलेल्या आहेत. एवढ्यावरून निष्कर्ष काढत नाही. पुढच्या खेपेत जीएच्या आणि बिनहार्मोनच्या दहा-दहा बरण्या शेजारी शेजारी लावतोय. कोणी दोन्ही करून पाहिलं असेल तर तुमच्याकडे गाठी कितव्या दिवशी दिसल्या ते जरूर कळवा.