वारली लग्नातलं गाणं कागदावर उतरवताना

डहाणूपासून पाड्यापर्यंतचा प्रवास, उकाडा, आधीचे दोन दिवस, यातलं फारसं काही सांगण्याजोगं नाही. सांगायची आहे ती एक दुपार.

कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहीत होत्या. हो, लिहीत. वारली बायका चौक काढत नाहीत, 'लिहितात'. मधे पालघट देवी, लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. समोर धवलेरी, म्हणजे गाणी म्हणत लग्नविधी चालवणारी बाई, गात होती. ती ओळ म्हणायची, बाजूच्या बायका झेलायच्या.

इथंच एका रेकॉर्डरवरचं काम फसतं. ओळीचं शेवटचं अक्षर संपण्याआधीच झेलणाऱ्या सुरू होतात, दोन आवाज एकमेकांवर चढतात आणि नेमका तोच शब्द ऐकू येत नाही. म्हणून एक रेकॉर्डर धवलेरीपासून हातभर अंतरावर, कापडाच्या घडीवर ठेवला, दुसरा बायकांजवळ. सुरुवातीला एक टाळी वाजवली, म्हणजे दोन्ही फायली पुढे जुळवता येतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी जागा लागते, पण एमपी३ करून बारकावे घालवण्यापेक्षा हे बरं.

लिहून काढताना सगळ्यात जास्त नुकसान 'पुन्हा तेच' या दोन शब्दांनी होतं. ओळ पाच वेळा आली तर पाचही वेळा लिहायची, कारण मधेच एखादं नाव बदललेलं असतं. दुसरं नुकसान मुद्रितशोधक करतात. वारली रूपं 'अशुद्ध' समजून प्रमाण मराठीत आणलेली प्रुफं पाहिली की जीव तुटतो. मजकुरासोबत वर्णांचा तक्ता आणि 'रूपं बदलू नयेत' अशी चिठ्ठी द्यायलाच हवी.

काय छापायचं, हे गाणारीला गाण्यागणिक विचारावं. एकदाच घेतलेला होकार सगळ्या गाण्यांना पुरत नाही. मुखपृष्ठावर गायिकेचं नाव आधी, आपलं 'संकलन' म्हणून खाली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षांचा आहे, संग्राहकांनी तो जरूर वाचावा.

निघताना ध्वनिमुद्रणाचं मेमरी कार्ड पाड्यावर ठेवलं. ते लगेच कुणाच्या तरी मोबाइलवर वाजायला लागलं. वहीत 'अस्पष्ट' म्हणून खूण केलेल्या ओळी अंगणातल्या बायका मोठ्याने म्हणत होत्या. वही पुन्हा उघडली, गाडी चुकली.