८२-० आणि लिंबूटिंबू

परवा भाच्याशी कॅरम खेळत होतो, त्याला लागोपाठ दोन निल गेम दिले, २९-० आणि लगेच परत २९-०, तर पोरगं सोंगट्या विस्कटून उठलं आणि म्हणालं मामा तू चीटिंग करतोस. (चीटिंग नव्हती, क्वीन व्यवस्थित कव्हर केलेली.) बहीण आतून ओरडली, अरे लहान आहे तो, एखादा गेम सोड की! मी म्हटलं बल्गेरियाला कोणी सोडला होता का. तिला अर्थातच काही कळलं नाही, तिने कुकर लावला.

माझ्या डोक्यात हा ८२-० कायमचा बसलाय. ६ सप्टेंबर २००८, लाटव्हियातलं लिएपाया, व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या पात्रता फेरीतली बायकांची आइस हॉकी, स्लोव्हाकिया विरुद्ध बल्गेरिया. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं टाइप करताना काहीतरी चुकलंय, ८-२ असणार. नाही हो, ब्याऐंशीच! पहिल्या पिरियडला ३१, दुसऱ्याला २४, तिसऱ्याला २७. मॅच ६० मिनिटांची, म्हणजे सरासरी दर ४४ सेकंदांना एक गोल, चहा गाळून कपात ओतेपर्यंत एक. आपला बर्फाशी संबंध काला खट्टा गोळ्यापुरता, त्यामुळे या खेळातलं मला काही फार कळतं अशातला भाग नाही, पण हरणं कळतं.

यात एक गंमत आहे, म्हणजे गंमत म्हणू नये खरं तर. आइस हॉकीत गोल झाला की सगळ्यांनी परत मैदानाच्या मधोमध यायचं, दोन टीमच्या दोघी स्टिक टेकवून समोरासमोर वाकायचं, रेफरी पक (म्हणजे बॉलऐवजी असते ती रबराची चकती) टाकणार, याला फेस-ऑफ म्हणतात. म्हणजे त्या दिवशी बल्गेरियाच्या मुली जवळपास दर पाऊण मिनिटाला परत मध्ये येऊन वाकून उभ्या राहिल्या, ४० झाले तरी, ६० झाले तरी. आमच्या गल्लीत काय व्हायचं, आपली बॅटिंग झाली की आई हाक मारतेय म्हणून पोरं पसार व्हायची, आणि बॅट ज्याची तो आउट झाला तर मॅचच संपली. मी स्वतः दोनदा पळालोय. तिथे लिएपायात यांना हाक मारायला कोणाची आई असणार!

बरं, ती एकच मॅच नव्हती. त्याच स्पर्धेत इटलीकडून ४१-०, लाटव्हियाकडून ३९-० आणि क्रोएशियाकडून ३०-१. बेरीज केली तर १९२ विरुद्ध १. हा १ बघा. चार मॅच, २४० मिनिटं, आणि एक गोल! तो झाला तेव्हा त्या बेंचवर काय धिंगाणा झाला असेल याची मला फार उत्सुकता आहे, आपल्याकडे वर्ल्ड कप जिंकल्यावर तेवढा झाला नसेल.

आणि अजून एक आकडा आहे जो कोणी सांगत नाही. स्लोव्हाकियाचे गोलवर शॉट होते १३९. त्यातले ८२ आत गेले, म्हणजे ५७ अडवले की! मोठमोठ्या टीमच्या गोलकीपरला सुद्धा एका मॅचमध्ये ५७ शॉट अडवायला लागले तर लोक डोक्यावर घेतात. इथे मात्र हसले.

लोक विचारतात स्लोव्हाकियाने एवढे मारायचे कशाला, दहावर थांबायचं. पण अशा स्पर्धांमध्ये पॉइंट सारखे झाले तर गोलफरक बघतात, आणि ग्रुपमधून पुढे जायला एकच जागा, मग कोण थांबणार. गल्लीत लिंबूटिंबूला पहिल्या बॉलवर आउट देत नाहीत, राज्य आलं तरी माफ, पण आंतरराष्ट्रीय खेळात लिंबूटिंबूची सोय नाही. बल्गेरिया वेटलिफ्टिंगचा, कुस्तीचा देश, तिथे आइस हॉकीच्या रिंक हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या, त्यात मुलींना किती वेळ मिळणार.

गोष्ट इथे संपत नाही, स्लोव्हाकिया खरंच पोचली व्हँकुव्हरला. पहिली मॅच कोणाशी, तर कॅनडाशी. १८-०, आणि भोपळा यावेळी यांच्याकडे. दीड वर्षात राज्य फिरलं! तेव्हा ऑलिंपिक कमिटीचे अध्यक्ष जॅक रॉग म्हणाले की दर्जा सुधारला नाही तर हे असं चालू ठेवता येणार नाही. मला याचा रागच येतो थोडा. अहो, रिंक नाही, पैसा नाही, आणि सुधारा म्हणे.

आपल्या लडाखच्या मुलींचं बघा ना, गोठलेल्या तळ्यावर हिवाळ्यात दोनेक महिने काय ती प्रॅक्टिस, २०१६ ला तैपेईत पहिल्यांदा भारताकडून खेळल्या आणि हरल्या, २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ हरवलं आणि २०२५ ला आशिया कपचं ब्राँझ आणलं. बल्गेरियाच्या बायका पण खेळतायतच, खालच्या डिव्हिजनमध्ये का होईना, २०११ ला तर सोफियात स्पर्धा सुद्धा भरवली.

काल भाचा स्वतःच बोर्ड घेऊन आला. पावडर निम्मा डबा ओतली, ब्रेक मीच घेणार म्हणाला, घे म्हटलं. २९-३ ने हरला. आणि सोंगट्या तशाच टाकून आत पळाला ओरडत, आई, निल नाही! निल नाही बसला!