एका लाल पाटीने विझवलेल्या खिडक्या

तक्रार अशी होती: रेल्वे मॉडेलमधल्या शहराच्या देखाव्यातल्या हॉटेलची लाल पाटी झगझगीत पेटते, पण त्याच इमारतीच्या सहा खिडक्या काळ्याच राहतात. बाकीचा रस्ता पेटतो, मात्र दिव्यांनी डोळे दिपतात, भिंतींतून उजेड झिरपतो आणि लांबच्या टोकाचे पथदिवे जवळच्यांपेक्षा मंद दिसतात. लेआउट, म्हणजे फळीवर मांडलेलं हे मॉडेल, एचओ स्केलचं, म्हणजे प्रत्यक्षाच्या ८७ पट लहान (१:८७). फळी १२० बाय ६० सेंटिमीटर. मागे उंचावर दुहेरी रूळ, पुढे एक रस्ता आणि नऊ इमारती. दिवे आणि वायरिंग आधीचं होतं, माझ्याकडे काम दुरुस्तीचं आलं.

पाटीच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला. १.९ व्होल्ट. एवढ्यावर निदान झालं. लाल एलईडी साधारण २ व्होल्टवर पेटतो, पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात. इथे एक लाल आणि सहा पांढरे एलईडी समांतर जोडून सातांना मिळून एकच रेझिस्टर (करंट मर्यादेत ठेवणारा भाग) दिला होता. अशा जोडणीत लाल एलईडी सगळ्यांचं व्होल्टेज दोनच्या खाली धरून ठेवतो आणि जवळजवळ सगळा करंट स्वतःतून जाऊ देतो. पांढऱ्यांना पेटायला लागणारं व्होल्टेज त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. पाटीची एक तार सोडवली आणि सहाही खिडक्या लगेच उजळल्या; म्हणजे एकही एलईडी जळलेला नव्हता. एकाच रंगाचे एलईडी असे जोडले तरी प्रत्येकाच्या व्होल्टेजमध्ये बारीक फरक असतो, त्यामुळे एखादा जास्त करंट खातो आणि बाकीचे फिके पडतात. म्हणून समांतर जोडायचे असतील तर प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर हवाच.

लांबच्या टोकाची मंदी वेगळ्या कारणाने होती. पथदिवे तीन-तीन एका ओळीत, सिरीजमध्ये, ३३० ओहमचा रेझिस्टर लावून १२ व्होल्टवर चालत होते. तीन पांढरे एलईडी ९ व्होल्ट घेतात, रेझिस्टरवर उरतात फक्त ३, म्हणजे करंट ९ मिलिअँपिअर. पण संपूर्ण फळीवर वीज नेली होती ती ०.१ मिलिमीटरच्या वाइंडिंगच्या (कॉइल गुंडाळायच्या, इनॅमलचा वीजरोधक लेप असलेल्या) तारेने. या तारेचा रोध मीटरमागे दोन ओहमपेक्षा जास्त, आणि खिडक्यांचा सगळा भारही तिच्यावरच. टोकाला १२ ऐवजी ११ व्होल्ट मोजले. एक व्होल्ट म्हणजे थोडाच वाटतो, पण तो रेझिस्टरच्या तीन व्होल्टमधून कमी होतो आणि करंट ९ वरून थेट ६ वर येतो. सिरीजची जोडणी वीज वाचवते खरी, पण पुरवठा डगमगला की ती लगेच दगा देते. मी खालून ०.७५ चौरस मिलिमीटरची लाल-काळी मुख्य जोडी टाकली आणि दर २० सेंटिमीटरवर तारा जोडायची टर्मिनल पट्टी बसवली. बारीक तार आता फक्त एलईडीपासून जवळच्या पट्टीपर्यंत, जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर.

यानंतरचा भाग मला या कामातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: उजेड कमी करणं. रात्रीचं शहर अंधारामुळे खरं वाटतं, आणि बहुतेक लेआउट तिथेच फसतात. खिडकीमागच्या ०६०३ आकाराच्या बारीक एलईडीला १ किलोओहम दिला होता, म्हणजे ९ मिलिअँपिअर. एवढ्या करंटवर खोली दिसत नाही, नुसता ठिपका डोळ्यात घुसतो. ५० किलोओहमचा पोटेन्शियोमीटर (नॉब फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) घ्यावा, त्याच्यासोबत सिरीजमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर ठेवावा (नाहीतर नॉब शून्यावर गेला की एलईडी जळतो), खोली अंधारी करून दहा मिनिटं डोळे सरावू द्यावेत आणि मगच नॉब फिरवावा. योग्य वाटलं तिथे थांबून रोध मोजावा आणि जवळच्या किमतीचा रेझिस्टर लावावा. या देखाव्यात घरांच्या खिडक्या १० किलोओहमवर बसल्या, म्हणजे एक मिलिअँपिअरच्याही खाली. पथदिव्यांची सिरीज मोडून त्यांना प्रत्येकी ६.८ किलोओहम, दुकानांना ४.७. लाल पाटीला १५ किलोओहम दिले, तरी ती रस्त्यात सगळ्यात आधी नजरेत भरते. डिमर मॉड्यूल मी मुद्दाम वापरलं नाही. ते एलईडी भरभर चालू-बंद करून उजेड कमी करतं आणि व्हिडिओत काळे पट्टे धावताना दिसतात.

भिंतींतून झिरपणाऱ्या उजेडाचं कारण पातळ प्लास्टिक. इमारतीला आतून आधी काळा रंग, वाळल्यावर त्यावर पांढरा. काळा रंग उजेड अडवतो, पांढरा तो खोलीत पसरवतो. नुसता पांढरा दिला तर भिंत कंदिलासारखी दिसते. फवारा पातळ थरांतच मारावा, कारण तीव्र सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) असलेला रंग जाड बसला की इमारतीचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळतं. कोपऱ्यांच्या सांध्यांवर आतून काळ्या कार्डाच्या पट्ट्या, छताच्या कडेला आणि तळाशीही. मग आत टॉर्च ठेवून चहूबाजूंनी पाहायचं. छताची फट हमखास राहते.

प्रत्येक पेटत्या खिडकीमागे काळ्या कार्डाची खोली केली, आतून पांढरी, एलईडी तिच्या छताला आणि तोंड मागच्या भिंतीकडे, म्हणजे बाहेरून ठिपका दिसत नाही. काचेला ट्रेसिंग पेपर. नऊ इमारतींत मिळून तीनातली एकच खिडकी पेटवली. घरांना २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर रंग, कार्यालयांना ४००० च्या आसपासचा, जास्त पांढरा. जिन्याच्या खिडक्या मात्र वरपासून खालपर्यंत एकाच रंगाच्या आणि सगळ्या पेटत्या हव्यात. इमारत खरी वाटते ती अशा तपशिलांनी.

पथदिव्याचा खांब १०० मिलिमीटर, प्रत्यक्षात ८.७ मीटर. खऱ्या रस्त्यावरचं २५-३० मीटरचं अंतर या स्केलला ३० सेंटिमीटरच्या आसपास जातं आणि फळीवर चारच दिवे मावतात, म्हणून मी १७ सेंटिमीटरवर लावले. बारीक पितळी नळीच ऋण टोक. आतून फक्त धन टोकाची एक वाइंडिंगची तार. तिच्या टोकांचं इनॅमल सोल्डरच्या गरम थेंबात बुडवून काढलं, पण बाकीच्या तारेवरचं इनॅमलही नळीच्या धारेवर खरवडतं आणि शॉर्ट होतो. म्हणून नळीचं तोंड कानशीने गोल करायचं आणि बसवण्याआधी प्रत्येक खांब मीटरवर तपासायचा. एलईडीच्या टोकाला सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नये.

देखाव्याचं काम वायरिंगनंतर, आणि उघड्या जोडांवर वार्निश दिल्यावरच. पातळ केलेला पांढरा गोंद ओला असेपर्यंत वीज वाहतो, आणि आजचे एलईडी काही मायक्रोअँपिअरवरही मंद पेटतात, त्यामुळे बटण बंद असतानाही खिडकी मिणमिणते. रुळांखालच्या खडीला गोंदाच्या दुप्पट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातला, नाहीतर गोंद खडीवरच गोळे होऊन बसतो. फुटपाथ दीड मिलिमीटरच्या कार्डाचा, म्हणजे प्रत्यक्षात १३ सेंटिमीटर उंच. रस्त्याचा करडा दिवसा पाहून ठरवलेल्या छटेपेक्षा एक पायरी उजळ घेतला. गडद रस्ता दिव्याखालचं वर्तुळ गिळून टाकतो. माणसं, सुमारे २० मिलिमीटर उंचीची, त्या वर्तुळांच्या कडेला उभी केली, म्हणजे त्यांची सावली लांब पडते. एक झाड मुद्दाम दिव्याखाली लावलं, पानांतून उजेड फुटावा म्हणून.

पूर्ण देखावा पेटवून मोजलं: ४६ एलईडी, सुमारे ६० मिलिअँपिअर. ॲडॉप्टर २ अँपिअरचा होता, म्हणजे बारीक तार शॉर्ट झाली तर प्लास्टिक वितळेपर्यंत करंट द्यायला समर्थ. मुख्य जोडीच्या सुरुवातीला २५० मिलिअँपिअरचा फ्यूज टाकला. रुळांची वीज आणि दिव्यांची वीज पूर्ण वेगळी ठेवली. घरं, दुकानं आणि रस्ता यांना तीन स्वतंत्र बटणं दिली. छतं चिकटवली नाहीत, कोपऱ्यात छोटे चुंबक बसवले. एलईडी बदलायचा झाला तर इमारत फोडावी लागणार नाही.