जावरच्या टेकडीचा छेद: प्रतिकृती कुठवर आली

मंडळी, प्रतिकृतीतले खडक पूर्ण झाले. आता जुन्या खाणकामाला हात घातलाय, आणि माझ्या मते सगळा जीव इथेच आहे.

ज्यांनी हे काम आधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जावर म्हणजे उदयपूरच्या दक्षिणेला, अरवलीच्या डोंगरांत, टीडी नदीच्या खोऱ्यातला शिसं-जस्ताचा पट्टा. मोचिया, बलारिया, जावरमाला, बरोई या तिथल्या टेकड्या. मी त्यातल्या कुठल्याही एका टेकडीची मापानुसार नक्कल करत नाही. उभी चिरली तर अशी टेकडी आतून कशी दिसेल, त्याचा हा नमुनेदार छेद आहे.

पाया सोपा होता. मधे फिकट राखाडी डोलोमाइट (चुनखडीच्या जातीचा खडक), दोन्ही अंगांना गडद फिलाइट (पापुद्र्यांचा, पाटीच्या दगडासारखा खडक). धातुक, म्हणजे ज्यातून धातू काढतात तो दगड, डोलोमाइटमध्येच आहे, म्हणून त्या पट्ट्यात उभट, भिंगाकृती पिंड कोरून घेतले. त्यात तीन खनिजं दाखवली: गॅलेना (शिशाचं), स्फॅलेराइट (जस्ताचं) आणि पायराइट (लोहाचं); तिन्ही सल्फाइड, म्हणजे धातूची गंधकाशी झालेली संयुगं. खडकांचं वय पावणेदोनशे कोटी वर्षांच्या आसपास जातं.

रंगकामात सगळ्यात जास्त वेळ वरच्या थराने खाल्ला, आणि तो देणं भागच होतं. पावसाचं पाणी सल्फाइडपर्यंत पोचलं की स्फॅलेराइटमधलं जस्त विरघळून निघून जातं. गॅलेनावर मात्र आधी सल्फेटचं, मग कार्बोनेटचं, न विरघळणारं कवच चढतं आणि आतला गाभा टिकतो. लोहाचा गंज उरतो तो माथ्यावरची तांबूस-तपकिरी टोपी बनून. उघड्या पडलेल्या शिरेत जस्तापेक्षा शिसं आधी हाती लागतं, त्याचं कारण हे. म्हणून छेदात वरून खाली गंजाचा रंग, मग पांढुरके ठिपके आणि त्याखाली चकाकता राखाडी, असा क्रम ठेवलाय. एकाच रंगाची शीर वरपासून खालपर्यंत ओढणारे नमुने मला पटत नाहीत. खाणीचा इतिहास त्या बदलणाऱ्या रंगांतच आहे.

चकाकीसाठी संग्रहातला गॅलेनाचा तुकडा समोर ठेवला होता. भिंगाखाली ठेवा आणि दिवा जरा तिरका करा: पायऱ्या-पायऱ्यांनी काटकोनात फुटलेले पृष्ठ दिसतात, एक पायरी लखलखते तेव्हा शेजारची काळी पडते. हातात घेतलं की वजन लगेच जाणवतं, कारण घनता साडेसातच्या आसपास, डोलोमाइटच्या अडीचपट. हाताळून झालं की हात साबणाने धुवा आणि तुकडा कधीही घासू नका. शिशाची धूळ पोटात जाता कामा नये.

आता जुन्या पोकळ्या. इथले लोक खडक आगीने फोडत. दगडाला लागून लाकडं पेटवायची, तापून पापुद्रे सुटले की लोखंडी छिन्नीने पाडायचे. अशा पोकळीला धारदार कोपरे नसतात. छत घुमटासारखं, भिंती गुळगुळीत, काजळी धरलेल्या. मी त्या पोकळ्या गोल कानशीने कोरतोय, रुंदीही धातुक जाईल तशी कमी-जास्त ठेवतोय. जावरमालातून मिळालेल्या जुन्या लाकडांचा रेडिओकार्बन काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात जातो. त्या काळी धूर साचलेल्या अंधारात, डोंगराच्या पोटात इतक्या खोल उतरणाऱ्या माणसांबद्दल मला अपार आदर वाटतो. पोकळीत शिडी लावणार आहे, ती त्यांच्यासाठीच.

पायथ्याशी जस्ताची भट्टी येईल. शिसं 327 अंशांना वितळतं, खाली गोळा होतं. जस्ताचं तसं नाही. धातुकातून ते सुटं व्हायला लागणाऱ्या तापमानाला ते वाफ झालेलं असतं, कारण 907 अंशांना ते उकळतं, आणि त्या वाफेला हवा लागली की पुन्हा भस्म. जावरचा तोडगा असा: लांबट वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भाजलेलं धातुक आणि कोळसा भरायचा, मुशीच्या तोंडाच्या नळीत एक काडी खोचायची आणि मूस भट्टीत उलटी लावायची. काडी माल खाली सांडू देत नाही. भट्टी तापली की ती जळून जाते आणि वाफेला खाली उतरायला वाट मोकळी होते. खालच्या थंड कप्प्यात जस्त साकळतं. एका साध्या काडीला दोन कामं! रसरत्नसमुच्चय या रसशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथातलं वृंताक मूषेचं (वांग्याच्या आकाराच्या मुशीचं) वर्णन याच घडणीचं आहे. 1983 च्या उत्खननात सलग सात भट्ट्या सापडल्या, प्रत्येकीत 36 मुशी. युरोपात विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं ते 1738 मध्ये, जावरच्या भट्ट्या त्याच्या कितीतरी आधीच्या.

वापरून झालेल्या मुशी जावरच्या लोकांनी घरांच्या भिंतींत रचल्या, तीही एक भिंत करायची आहे. मातीचे बारीक रूळ भाजायला तयार आहेत. भाजल्यावर एका टोकाला काचेरी लकाकी कशी आणायची यावर प्रयोग चालू आहेत, कारण भट्टीच्या आचेने खऱ्या मुशींचा बाहेरचा भाग वितळून तसाच झालेला असतो. पातळ झिलईचा एक हात बऱ्यापैकी जमलाय. रंग मात्र अजून जास्त हिरवट येतोय, म्हणून पुढच्या घाण्यात लोह थोडं वाढवून पाहतो.